थिबा राजाची थोरली लेक: रत्नागिरीत राहिलेल्या ब्रह्मी राजकन्येबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रत्नागिरीला येणारा पाहुणा थिबा पॅलेस बघतो, थिबा पॉईंटवरून भाट्याची खाडी बघतो, फोटो काढतो आणि निघतो. राजाचं नाव लक्षात राहतं. त्याची थोरली मुलगी जवळपास सगळं आयुष्य याच गावात राहिली आणि इथेच वारली, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असतं. ज्यांना ठाऊक असतं, त्यांनाही ‘ती दरवानाबरोबर राहिली’ एवढंच. तिच्या वाट्याला यापेक्षा जास्त ओळख यायला हवी, म्हणून ही प्रश्नोत्तरं.

ही राजकन्या नेमकी कोण?

ब्रह्मदेशाचा, म्हणजे आजच्या म्यानमारचा, शेवटचा राजा थिबा आणि त्याची पट्टराणी सुपयालत यांची ही थोरली मुलगी. जन्म १८८० चा, मंडालेच्या राजवाड्यात. १८८५ च्या नोव्हेंबरात इंग्रजांनी राज्य घेतलं तेव्हा ती पाच वर्षांची होती. पुढच्या एप्रिलात आईवडिलांबरोबर रत्नागिरीला आली. वारली १९४७ च्या जूनमध्ये, रत्नागिरीतच. मधली काही थोडी वर्षं सोडली तर आयुष्यातली साठेक वर्षं तिने कोकणात काढली. मंडाले तिची जन्मभूमी, पण तिला राहून-वावरून ठाऊक असलेलं गाव म्हणाल तर ते रत्नागिरी.

तिचं नाव काय?

पूर्ण किताब असा: आशिन थेक सू म्यात फया जी. ब्रह्मी राजघराण्यात मुलींना हाक मारायची ती बहुतेक वेळा किताबाने. चार बहिणींचे किताब जवळजवळ सारखे, फरक फक्त शेवटच्या शब्दात. थोरली फया जी, दुसरी फया लात, तिसरी नुसती फया आणि धाकटी फया गले. जुन्या सरकारी कागदांत त्यांचा उल्लेख ‘पहिली राजकन्या’, ‘दुसरी राजकन्या’ असाच येतो, आणि रत्नागिरीकरांच्या तोंडी तर ती थिबा राजाची थोरली मुलगीच राहिली. इथे सोयीसाठी ‘थोरली राजकन्या’ किंवा ‘फया जी’ म्हटलं आहे.

घराणं किती जुनं होतं?

घराण्याचं नाव कोनबाऊंग. १७५२ मध्ये अलाऊंगफया नावाच्या एका गावप्रमुखाने उत्तर ब्रह्मदेशात श्वेबो इथे ते उभं केलं. तेव्हापासून १८८५ पर्यंत अकरा राजे झाले, थिबा अकरावा. या घराण्याने एके काळी सयामची राजधानी अयुथया जिंकून घेतली होती, आराकान घेतलं होतं, आसाम आणि मणिपूरपर्यंत फौजा नेल्या होत्या. या सीमांवरच इंग्रजांशी गाठ पडली. १८२४ ते १८२६ च्या पहिल्या युद्धात आराकान आणि तेनासरीमचा किनारा गेला, १८५२ च्या दुसऱ्या युद्धात रंगूनसकट दक्षिणेचा सुपीक प्रदेश गेला. थिबाच्या हाती आलं ते समुद्र नसलेलं, चहूबाजूंनी अडलेलं राज्य.

तिची वंशावळ जरा समजावून सांगाल?

इथे आपल्याकडचा वाचक हमखास थबकतो, म्हणून सावकाश सांगतो.

फया जीचे वडील थिबा हे मिंडोन राजाचे पुत्र. तिची आई सुपयालत हीसुद्धा मिंडोन राजाचीच मुलगी, फक्त आई वेगळी. म्हणजे राजा-राणी सावत्र भाऊ-बहीण होते, आणि फया जीचे वडिलांकडचे आजोबा आणि आईकडचे आजोबा एकच. आपल्याला हे ऐकून कसंसंच होतं, पण कोनबाऊंग दरबारात हीच रीत होती. राजरक्त बाहेर जाऊ नये आणि गादीवर हक्क सांगणारे सासरे-मेहुणे तयार होऊ नयेत, हा त्यामागचा हिशेब.

आता एक पिढी वर चला. मिंडोन हा थारावडी राजाचा मुलगा. सुपयालतची आई सिनब्यूमाशिन ही बाजिडॉ राजाची मुलगी. आणि थारावडी व बाजिडॉ हे सख्खे भाऊ, बोडॉफया राजाचे नातू. बोडॉफया हा मूळपुरुष अलाऊंगफयाचा मुलगा. म्हणजे कुठूनही वर चढत गेलात तरी पोचता त्याच घरात.

दोनच धागे बाहेरचे. थिबाची आई लाऊंगशे ही राणी मिंडोनच्या मर्जीतून उतरलेली होती, त्यामुळे थिबाला लहानपणी दरबारात फारसं वजन नव्हतं. आणि सिनब्यूमाशिनची आई मे नू ही सामान्य घरातून आलेली. बाजिडॉवर तिची एवढी छाप होती की प्रजा तिला वचकून असे. आजीचा तो करारीपणा सुपयालतमध्ये उतरला, असं म्हणायची पद्धत आहे. रक्ताने स्वभाव उतरतो की नाही ते सोडा, पण आजी, आई आणि मुलगी या तिघींनी दरबार आपल्या मुठीत ठेवला होता हे खरं.

एवढ्या राजपुत्रांमधून थिबाच कसा गादीवर आला?

मिंडोन १८७८ मध्ये वारला. मुलगे पुष्कळ होते. सिनब्यूमाशिनला मुलगा नव्हता, मुली होत्या. तिने असा राजपुत्र निवडला जो आपलं ऐकेल आणि आपल्या मुलीशी लग्न करेल. थिबा तेव्हा एकोणीस-वीस वर्षांचा, बौद्ध विहारात शिकलेला, धर्मग्रंथांत हुशार आणि स्वभावाने मऊ. १८७९ च्या सुरुवातीला राजवाड्यात गादीचे संभाव्य दावेदार मारले गेले. राजपुत्र, राजकन्या, त्यांचे आप्त. ही कत्तल कोणी करवली यावर सासू, राणी आणि मंत्री यांच्याकडे बोटं दाखवली जातात, पण ती थिबाच्या नावावर जमा झाली. इंग्रजी वर्तमानपत्रांनी त्याला दारुडा, क्रूर राजा म्हणून रंगवलं आणि पुढे चढाई करताना ते चित्र कामाला आलं. कत्तल झाली हे नाकारता येणार नाही. पण रत्नागिरीने जो माणूस तीस वर्षं पाहिला, तो या चित्राशी जुळत नव्हता, हेही सांगायला हवं.

राज्य गेलं ते कशामुळे? सागवानाचं काही प्रकरण होतं ना?

हो. आणि त्यात मुंबईचं नाव आहे. बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन ही कंपनी उत्तर ब्रह्मदेशातल्या जंगलांतून साग तोडून नदीवाटे आणत असे. कंपनीने जेवढे ओंडके नेले तेवढ्यांचे पैसे भरले नाहीत, असा निकाल देऊन राजाच्या मंत्रिमंडळाने १८८५ मध्ये तिला जबर दंड ठोठावला. त्याच सुमारास थिबाने फ्रान्सशी तह केला होता आणि फ्रेंचांचा पाय मंडालेत रोवला जाईल ही भीती इंग्रजांना होतीच. व्हाइसरॉय लॉर्ड डफरिनने निर्वाणीचा खलिता धाडला. नोव्हेंबरच्या मध्यावर जनरल प्रेंडरगास्टची फौज बोटींतून इरावतीवरून वर निघाली आणि पंधरा दिवसांच्या आत मंडालेच्या धक्क्याला लागली.

२९ नोव्हेंबर १८८५ ला राजा, राणी, धाकटी राणी (सुपयालतचीच बहीण) आणि दोन लहान मुली यांना राजवाड्यातून बाहेर काढून बैलगाड्यांतून नदीकडे नेलं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना लोक गुडघे टेकून रडत होते. फया जी त्या गाड्यांमध्येच होती. १ जानेवारी १८८६ ला राज्य खालसा झाल्याचा जाहीरनामा निघाला.

त्यांना रत्नागिरीलाच का ठेवलं?

आधी मद्रासला नेलं. तिथेच मार्च १८८६ मध्ये तिसऱ्या राजकन्येचा जन्म झाला. मद्रास हे मोठं बंदर, ब्रह्मदेशाशी जहाजांची सतत ये-जा. राजाला तिथे ठेवणं सरकारला धोक्याचं वाटलं. रत्नागिरी सगळ्या अंगांनी सोयीची होती. ब्रह्मदेशाच्या उलट्या किनाऱ्यावर, आगगाडी नाही, घाटरस्ते अवघड, आणि पावसाळ्यात तर समुद्र खवळला की आगबोटीही बंद. जून ते सप्टेंबर गाव जवळजवळ तुटलेलं. कोकण रेल्वे यायला पुढे शंभर वर्षं जायची होती. राजाला पळवून नेणं सोडाच, त्याला भेटायला येणंही अवघड.

१६ एप्रिल १८८६ ला बोट रत्नागिरीला लागली. एप्रिलातलं कोकण म्हणजे घामाच्या धारा. मंडालेत सोन्याचा मुलामा दिलेल्या खांबांत वाढलेली पाच वर्षांची मुलगी इथे कौलारू बंगल्यात उतरली.

ती थिबा पॅलेसमध्येच लहानाची मोठी झाली का?

नाही, आणि हा गैरसमज फार पसरलेला आहे. आज आपण बघतो तो राजवाडा बांधून झाला १९१० मध्ये. तोवर जवळजवळ पंचवीस वर्षं हे कुटुंब सरकारने दिलेल्या जुन्या बंगल्यांत राहिलं. पाणी गळतंय, जागा पुरत नाही, नोकरांना राहायला सोय नाही अशा तक्रारी वर्षानुवर्षं सरकारदरबारी जात राहिल्या. नव्या राजवाड्यात पाऊल ठेवलं तेव्हा फया जी तिशीत होती आणि तिची मुलगी चार वर्षांची होती. तिचं बालपण, तारुण्य, तिचं ते गाजलेलं प्रकरण, सगळं जुन्या बंगल्यांतलं.

राजकन्यांचं बालपण कसं गेलं?

बंदिवासात, पण भिंतीआड नव्हे. गावाबाहेर जायला परवानगी लागे आणि राजकुटुंबावर नजर ठेवायला सरकारने एक अधिकारी नेमलेला असे. दरबारी रीतिरिवाज मात्र घरात कडक. नोकर राजासमोर येताना गुडघ्यांवर सरकत येत, पाठ न दाखवता परत जात. मंडालेहून आलेल्या दासी आणि सेवक हळूहळू मायदेशी परतले आणि त्यांच्या जागी रत्नागिरीच्या आसपासची माणसं कामाला आली. मुलींना खेळायला मिळाली ती या नोकरांची पोरं. त्यामुळे घरात आईवडिलांशी ब्रह्मी आणि बाहेर मराठी, हिंदुस्तानी असं चाललं.

शाळेत त्या गेल्या नाहीत. चांगलं, नियमित शिक्षण चौघींपैकी कोणालाच रत्नागिरीत मिळालं नाही, आणि माझ्या मते हा त्यांच्यावरचा सर्वांत मोठा अन्याय. राज्य गेलं ते परत येणार नव्हतंच. पण हाताशी विद्या असती तर पुढचं आयुष्य परावलंबी झालं नसतं. सरकारला राजावर होणारा खर्च दिसत होता, राजाला परत मंडालेला जायची आस होती, आणि या दोघांच्या मध्ये मुली मोठ्या होत गेल्या.

पैशाची ओढाताण तर कायमची. राजाने आणलेले माणिक, हिरे एकेक करून गावातल्या सावकारांकडे गेले. ज्याला उभ्या आयुष्यात बाजारात जावं लागलं नव्हतं त्याला कशाची काय किंमत हे कळणार कसं? रत्नं पडत्या भावात गेली.

तिचं लग्न का झालं नाही?

तीन कारणं एकात एक अडकलेली.

पहिलं घराण्यातलं. राजकन्येचा नवरा राजरक्ताचाच हवा. शिवाय कोनबाऊंग दरबारात एका राजकन्येला भावी राजाची राणी म्हणून अविवाहित ठेवायची जुनी चाल होती. गादीच उरली नाही तरी मनातली प्रतवारी उरली. दुसरं कारण, असे राजपुत्र मुळात राहिलेच होते किती? १८७९ च्या कत्तलीतून वाचलेले पुष्कळसे इंग्रजांनी इकडेतिकडे पांगवलेले. आणि तिसरं, सरकारची धास्ती. थिबाला मुलगा नव्हता. जावई उद्या गादीवर हक्क सांगू लागला तर? त्यामुळे स्थळं शोधायची घाई ना राजाला, ना सरकारला. पत्रव्यवहार होत राहिला, नावं सुचवली गेली, नाकारली गेली, आणि चौघीही बहिणी विशी ओलांडून गेल्या.

गोपाळ सावंत कोण? ही प्रेमकथा की फसवणूक?

गोपाळ भाऊराव सावंत हा राजाच्या बंगल्यावरचा दरवान. मराठा, विवाहित, घरी बायको. फया जी आणि गोपाळ यांचे संबंध जुळले आणि १९०६ मध्ये तिला मुलगी झाली. त्या वेळी ती पंचविशीत होती.

सरकारी अधिकारी हादरले, ते अब्रूच्या आणि बातमी ब्रह्मदेशात पोचण्याच्या भीतीने. आईवडिलांवर काय गुदरली असेल याची कल्पना करवत नाही. ज्या दरबारात सामान्य माणसाने राजकन्येकडे मान वर करून पाहणंही गुन्हा होता, त्या दरबाराची ही थोरली लेक. पण मुलगी घरातच वाढली, तिला टाकून दिलं नाही. थिबा आणि सुपयालत यांना हृदयशून्य म्हणणाऱ्यांनी ही गोष्ट विसरू नये.

फसवणूक की प्रेम? गोपाळचा संसार आधीच होता, फया जीशी त्याने रीतसर लग्न केलं नाही, आणि पुढे तिच्या पैशावर त्याचा हात राहिला, असं सांगतात. हे सगळं त्याच्या विरुद्ध जातं. पण १९१९ नंतर, ब्रह्मदेशात परत गेल्यावर, सगळे नातलग, सगळी भाषा आपली असताना ती पुन्हा रत्नागिरीला निघून आली. चाळिशीच्या उंबरठ्यावरच्या बाईने आपणहून घेतलेला तो निर्णय होता. तिला कुणीतरी भुरळ घातली म्हणून ती बिचारी, असं म्हणून तिच्या हातातला तो एकुलता एक निर्णयही आपण काढून घेतो. मला ते पटत नाही.

कुटुंब ब्रह्मदेशात परत कधी गेलं?

धाकटी राणी, सुपयालतची सख्खी बहीण, १९१२ मध्ये वारली. थिबा १९१६ च्या डिसेंबरात गेला, वय सत्तावन्न. सुपयालतला दोन्ही शवपेट्या मायदेशी न्यायच्या होत्या, म्हणून तिने रत्नागिरीत दफन होऊ दिलं नाही. पेट्या राजवाड्याच्या आवारात तशाच राहिल्या. शेवटी मार्च १९१९ मध्ये सरकारने तिच्या मर्जीविरुद्ध दफन उरकलं. त्याच वर्षी कुटुंबाला परतायची परवानगी मिळाली, पण मंडालेला नाही, फक्त रंगूनला. सुपयालत तिथेच १९२५ च्या नोव्हेंबरात वारली. तिची समाधी श्वेडगॉन पॅगोड्याच्या जवळ आहे.

फया जी मुलीला घेऊन गेली होती. रंगूनमध्ये रमली नाही. मुलीचा बाप कोण, हा प्रश्न तिथल्या प्रत्येक नजरेत असणार. मायलेकी परत आल्या.

रत्नागिरीतली तिची शेवटची वर्षं कशी गेली?

ओढगस्तीत. सरकारी पेन्शन येत असे, पण राजवाडा आता तिचा नव्हता. साध्या घरात, साध्या बायकांसारखी ती राहिली. तो काळ रत्नागिरीत मोठ्या घडामोडींचा होता. सावरकर १९२४ पासून १९३७ पर्यंत इथे स्थानबद्ध होते, १९३१ मध्ये पतितपावन मंदिर उभं राहिलं, सहभोजनं झाली, गावात वादळं उठली. त्याच गावात, त्याच वर्षांत, एका साम्राज्याने आणलेली ही दुसरी बंदिवान बंदिवास संपल्यावरही राहत होती. सावरकरांची रत्नागिरी आपण तपशिलाने लिहून ठेवली, हिची नाही.

१९४७ च्या जूनमध्ये ती वारली. दोन महिन्यांत भारत स्वतंत्र झाला आणि जानेवारी १९४८ मध्ये ब्रह्मदेश. तिच्या वडिलांचं राज्य घेणारे दोन्हीकडून गेले, ते तिला पाहायला मिळालं नाही.

तिची मुलगी तूतू हिचं पुढे काय झालं?

तूतू १९०६ मध्ये रत्नागिरीत जन्मली आणि २००० मध्ये रत्नागिरीतच गेली. आजोबा ब्रह्मदेशाचा राजा, आणि ती पक्की कोकणातली मराठी बाई. पवार घराण्यात लग्न झालं, पदरी बरीच मुलं. शिक्षण नाही, आईची पेन्शन आईबरोबर संपलेली. मग जे कोकणातल्या गरीब घरातली बाई करते ते तिने केलं. शेण गोळा करून गोवऱ्या थापल्या, वाळवून विकल्या. कागदाची फुलं करून विकली. शेणात पेंढा मिसळायचा, मळायचं, दोन्ही तळव्यांनी भाकरीसारखं थापून भिंतीला किंवा जमिनीवर लावायचं, एक बाजू वाळली की उलटायचं, पाऊस यायच्या आत सगळं रचून झाकायचं. कंबर मोडणारं काम. ते हात मिंडोन राजाच्या पणतीचे होते.

ज्यांनी तिला पाहिलं ते सांगतात की ती हसतमुख होती, दारात आलेल्याला उपाशी जाऊ देत नसे, निराधार पोरांनाही तिने आपलंसं केलं. नातेवाईक परदेशातले, पत्रकार, अभ्यासक, सगळे शेवटच्या काळात तिच्या दारात आले. तिने हक्क म्हणून काही मागितलं नाही.

तूतू गादीची वारस ठरली असती का?

राज्यच नव्हतं, त्यामुळे प्रश्न कागदावरचा. तरी उत्तर ‘नाही’ असंच. कोनबाऊंग दरबारात दर्जा ठरे तो आई आणि वडील दोघांवरून, आणि गादी पुरुषाकडे जाई. वडील दरवान, लग्न नाही, म्हणजे दरबाराच्या हिशेबात तिला जागा नव्हती. वंश म्हणाल तर मात्र ती राजा थिबाची पहिली नात. हे कुणाच्या मान्यतेवर अवलंबून नाही.

बाकीच्या तिघी बहिणींचं काय झालं?

दुसरी, फया लात, वडिलांच्या मृत्यूच्या सुमारास घर सोडून गेली आणि वडिलांच्या पदरी काम केलेल्या एका ब्रह्मी तरुणाशी तिने लग्न केलं. आईने तिला कधी क्षमा केली नाही. नवरा-बायको पुढे दार्जिलिंगजवळ कालिम्पाँगला स्थायिक झाले आणि १९५६ मध्ये ती तिथेच वारली.

तिसरी, मद्रासला जन्मलेली, ब्रह्मदेशात परतली, दोनदा लग्न केलं आणि १९६२ मध्ये वारली.

धाकटी फया गले ही चौघींतली तडफदार. जन्म रत्नागिरीचा, १८८७ चा. इंग्रजी तिने चांगलं कमावलं आणि बहिणींना न मिळालेली भाषा तिने सरकारविरुद्धच वापरली. आमचं राज्य आणि आमच्या वस्तू परत करा, अशी निवेदनं तिने सरकारला धाडली. परिणाम असा की १९३२ मध्ये तिला कुटुंबासह रंगूनमधून हलवून मोलमीनला पाठवलं. तिथेच १९३६ मध्ये ती अचानक वारली. आज ब्रह्मदेशात घराण्याचं नाव सांगणारे बहुतेक लोक तिच्याच मुलांचे वंशज. तिचा एक मुलगा तॉ फया याने तिसऱ्या मावशीच्या मुलीशी लग्न केलं. म्हणजे जुनी रीत एका पिढीत तरी पुन्हा चालली. तो २०१९ मध्ये वारला.

राजघराण्याच्या वस्तू कुठे आहेत?

सिंहासन कलकत्त्याच्या संग्रहालयात ठेवलेलं होतं. ब्रह्मदेश स्वतंत्र झाल्यावर १९४८ मध्ये ते परत गेलं आणि आज यांगोनच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. मंडालेचा लाकडी राजवाडा दुसऱ्या महायुद्धात १९४५ मध्ये जळाला. आता दिसतो तो नंतर बांधलेला. न्गा मॉक नावाचा प्रसिद्ध माणिक राज्य गेलं त्या गडबडीत कर्नल स्लेडन या इंग्रज अधिकाऱ्याकडे दिला होता, असं थिबाने शेवटपर्यंत सांगितलं. तो घराण्याला परत मिळाला नाही.

टिळक मंडालेला होते तेव्हा थिबा रत्नागिरीत होता, हे खरं का?

अगदी खरं. लोकमान्यांचा जन्म रत्नागिरीचा, १८५६ चा. १९०८ मध्ये त्यांना राजद्रोहाची शिक्षा झाली आणि १९१४ पर्यंत त्यांना मंडालेच्या तुरुंगात ठेवलं. ‘गीतारहस्य’ तिथे लिहिलं गेलं. म्हणजे त्या सहा वर्षांत रत्नागिरीचा सुपुत्र मंडालेत कैदी आणि मंडालेचा राजा रत्नागिरीत कैदी. याच्या आधी १८५८ मध्ये दिल्लीच्या बहादूरशाह जफरला रंगूनला धाडलं होतं आणि तो तिथेच वारला. ज्याला त्याच्या मातीपासून तोडायचं त्याला समुद्रापलीकडे ठेवायचं, ही इंग्रजांची ठरलेली पद्धत. मराठी वाचकाला टिळकांचं मंडाले पाठ असतं. त्याच्या जोडीला थिबाची रत्नागिरी शाळेत शिकवली गेली तर बरं होईल.

दोन्ही देशांतले वंशज एकमेकांना ओळखतात का?

आता ओळखतात. २०१२ च्या डिसेंबरात म्यानमारचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन रत्नागिरीला येऊन थिबाच्या समाधीपुढे नतमस्तक झाले. २०१६ मध्ये थिबाच्या मृत्यूला शंभर वर्षं झाली तेव्हा म्यानमारहून राजाचे पणतू आणि मोठे अधिकारी आले, बौद्ध भिक्खूंनी विधी केले. तूतूची मुलं-नातवंडंही त्या वेळी होती. एकीकडे ब्रह्मी, दुसरीकडे मराठी. दोघांचा मूळपुरुष एक. सरकारने शंभर वर्षांपूर्वी फायलीत दडवलेलं नातं लोकांसमोर मांडीला मांडी लावून बसलं, याचा मला रत्नागिरीकर म्हणून मनापासून आनंद आहे. राजाच्या अस्थी परत न्याव्यात का, ही चर्चा मात्र अधूनमधून निघत राहते.

रत्नागिरीत आलो तर काय पाहायचं?

थिबा पॅलेसमध्ये आता राज्य सरकारचं पुरातत्त्व संग्रहालय आहे. आत शिरण्याआधी बाहेरून एक फेरी मारा. जांभ्या दगडाचं बांधकाम, उतरती कौलारू छपरं, कोरीव लाकडी अर्धगोल खिडक्या, ब्रह्मदेशचं सागवान. वरच्या मजल्यावरच्या सज्जातून राजा समुद्राकडे बघत बसायचा, असं सांगतात. कित्येक वर्षं या इमारतीत पॉलिटेक्निकचे वर्ग भरत, त्यामुळे जुन्या रत्नागिरीकरांना ती कॉलेज म्हणूनही आठवते.

तिथून थिबा पॉईंट जवळच. मग राजाची समाधी. तिथे गर्दी नसते, रिक्षावाल्याला ‘थिबा राजाची समाधी’ असं नीट सांगावं लागतं, नाहीतर तो पुन्हा पॅलेसलाच आणून सोडतो. सोमवारी संग्रहालय बंद असू शकतं, तेव्हा निघण्याआधी चौकशी करा. आणि गावातल्या कुणा वयस्कर माणसाशी बोलायची संधी मिळाली तर राजाबद्दल विचारून झाल्यावर त्याच्या थोरल्या लेकीबद्दलही विचारा.